रंगकामाचा छोटा व्यवसाय: डबा उघडण्याआधीचं गणित

रंगकामात नव्याने उतरलेला माणूस ब्रश धरता येत नाही म्हणून बुडत नाही. ब्रश आणि रोलर काही महिन्यांत हाताला बसतात. तो बुडतो भिंत वाचता न आल्यामुळे. पाहणीला जातो, खोल्या मोजतो, चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. काम सुरू झाल्यावर कळतं की जुन्या रंगाचे पोपडे सुटताहेत, खिडकीखाली ओल आहे, आणि कपाटामागची भिंत आजवर कुणी घासलेलीच नाही. चार दिवसांचं काम आठ दिवसांवर जातं आणि पैसे मात्र चार दिवसांचेच मिळतात. म्हणून या लेखात रंग कसा मारायचा हे थोडक्यात आहे. रंगाआधी काय बघायचं, काय मोजायचं आणि काय लिहून घ्यायचं, हे सविस्तर आहे.

पायरी १: कोणती कामं घ्यायची नाहीत ते ठरवा

सुरुवातीला घराच्या आतली कामं घ्या: भिंती, छत, दारं, खिडक्या, जाळ्या. बाहेरून उंच इमारत रंगवायची तर परांची लागते, जास्त माणसं लागतात, आणि पडझडीची जोखीमही मोठी असते. लाकडाला स्प्रेने पॉलिश करणं ही स्वतंत्र कला आहे, ती गिऱ्हाइकाच्या दारावर शिकू नये. अशी कामं आली तर सरळ सांगा की हे मी करत नाही, आणि जमल्यास करणाऱ्याचं नाव सुचवा. तोही पुढे तुमचं नाव सुचवतो.

आधी कुठेच काम केलं नसेल तर एखाद्या चांगल्या रंगाऱ्याच्या हाताखाली काही महिने काढा. तिथे रंगापेक्षा लांबी (म्हणजे भिंतीचे खड्डे-भेगा बुजवायची पुट्टी) भरण्याकडे आणि घासण्याकडे लक्ष ठेवा. काम शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण लांबीची पट्टी किती दाबायची हे मनगटालाच कळावं लागतं.

व्यवसायाची नोंदणी, कर आणि परवाना यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात. ते पहिलं काम घेण्याआधी विचारून घ्या. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. दुसऱ्याच्या घरात काम करताना फरशीवर डबा सांडला किंवा शिडी काचेवर पडली तर भरपाई देणारा विमा मिळत असेल, तर तोही घ्या.

पायरी २: पाहणी घाईने करू नका

पाहणीला जाताना टॉर्च, मोजपट्टी, लांबीची पट्टी, चिकटपट्टी, कापूस, थोडं स्पिरिट आणि वही न्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड भिंतीच्या कडेकडेने सोडा. समोरून सपाट दिसणारी भिंत या आडव्या उजेडात आपले सगळे उंचवटे, खड्डे आणि जुन्या डागडुजीचे ठिगळ दाखवते. खिडकीशेजारच्या भिंतीवर सकाळी आणि संध्याकाळी असाच उजेड पडतो, आणि गिऱ्हाइकाची तक्रार नेमकी त्याच भिंतीबद्दल येते.

मग हात लावा. तळवा भिंतीवर घासल्यावर पांढरी भुकटी लागली, तर वरचा थर पिठूळ झालेला आहे. त्यावर मारलेला नवा रंग भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. जुना रंग घट्ट आहे का हे बघायला लांबीच्या पट्टीच्या टोकाने छोटी फुली मारा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिकटपट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तो भाग खरवडावाच लागेल. ही चाचणी कपाटामागे किंवा दाराच्या आड करा, आणि घरमालकाला विचारून करा.

दारावर किंवा भिंतीवर जुना रंग पाण्याचा आहे की तेलाचा, हे ओळखायला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर बहुधा तो पाण्याचा आहे. काहीच आलं नाही तर तेलाचा, म्हणजे एनॅमल. गुळगुळीत एनॅमलवर थेट पाण्याचा रंग मारला तर तो काही दिवसांत नखाने सोलून निघतो. आधी घासून त्याची चकाकी मारायची, मग चिकटून बसणारा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मग रंग. हे तीन टप्पे म्हणजे वेळ, आणि तो वेळ पाहणीतच वहीत उतरला पाहिजे.

गिलावा बोटाने ठोकत चला. पोकळ आवाज आला तर तो विटेपासून सुटलेला आहे. तो रंगाऱ्याने लांबीने बुजवायचा प्रश्न नाही, गवंड्याचं काम आहे.

सगळ्यात जास्त वेळ ओलीला द्या. डाग दिसला की तो जुना, वाळलेला आहे की आत अजून पाणी आहे, हे ठरवायला हवं. साधारण दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल आतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले असतील तर खोलीतली हवाच दमट आहे. आतून ओल असेल तर रंगकाम घेऊ नका, म्हणजे आत्ता घेऊ नका. गळती कुठून आहे ते शोधून आधी बंद करायला सांगा. ‘वॉटरप्रूफ रंग मारा, थांबेल’ असा आग्रह होतो. तो मानला तर पुढच्या वर्षी तिथे फुगलेल्या रंगावर तुमचं नाव असेल.

नवा सिमेंटचा गिलावा असेल तर तो किती दिवसांचा आहे ते विचारा. निदान २८ दिवस त्याला मुरू आणि वाळू द्यावं लागतं. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते रंगातल्या बाइंडरला, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट घटकाला, खातं आणि काही रंगद्रव्यं फिकी पाडतं. पाणी बाहेर येताना क्षारही घेऊन येतं आणि भिंतीवर पांढरा लोणा धरतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे शिसं. पूर्वीच्या रंगांत, विशेषतः दारं-खिडक्यांच्या तेलाच्या रंगांत, शिशाची संयुगं सर्रास असत. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. आज अनेक देशांत ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आहे. पण ती नव्या डब्यांना लागू आहे, जुन्या चौकटीवरच्या थरांना नाही. शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना असतो. शंका असेल तर नमुना तपासून घ्या. तोवर कोरडं घासू नका आणि आगीच्या झोताने रंग जाळू नका. पाणी मारून ओलं घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवायचं आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे.

पायरी ३: मोजमाप

खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे असं समजा. चारही भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणून भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी मिळून ४० वजा करा, उरले ४००. छत १२० चौरस फूट. चांगल्या, प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन (पाण्याचा रंग) एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १०० ते १४० चौरस फूट भागवतं. मधला आकडा १२० धरला तर भिंतींच्या दोन हातांना पावणेसात लिटरच्या आसपास रंग लागेल आणि छताला दोन लिटर. त्यावर दहा टक्के जास्त धरा. भिंत खडबडीत किंवा शोषणारी असेल तर डब्यावरचा आकडा विसरा, रंग बराच जास्त जातो.

आता खरी अडचण. या हिशेबात ४०० चौरस फूट हा एकच आकडा आहे, पण दोन घरांतल्या ४०० चौरस फुटांना लागणारा वेळ दुपटीने वेगळा असू शकतो. म्हणून मोजमापाच्या शेजारी प्रत्येक भिंतीला एक शेरा लिहा: ‘फक्त घासणे’, ‘जागोजागी लांबी’, ‘पूर्ण खरवडून दोन हात लांबी’. मग प्रत्येकापुढे किती तास लागतील ते लिहा. सुरुवातीला हा अंदाज चुकेल. प्रत्येक कामात खरे किती तास गेले ते त्याच पानावर नोंदवत गेलात, तर थोड्याच कामांत तुमच्याकडे स्वतःच्या हाताचा वेग आकड्यांत असेल. बाजारभावापेक्षा हा आकडा कामाचा.

पायरी ४: दर काढा आणि कागदावर द्या

वर्षभरात स्वतःला किती मिळायला हवं ते लिहा. त्यात प्रवास, फोन, विमा, हत्यारांची झीज, जाहिरात असा वर्षाचा खर्च मिळवा. या बेरजेला वर्षातल्या कामाच्या तासांनी भागा. पण सगळे तास धरू नका, गिऱ्हाईक ज्यांचे पैसे देतं तेवढेच धरा. पाहणी, खरेदी, कोटेशन लिहिणं, पैसे मागायला फोन करणं यांत तुमचा वेळ जातो आणि त्याचे पैसे वेगळे कुणी देत नाही. एकूण तासांतला चौथा हिस्सा तरी असा जाईल असं धरून चाला. आलेला आकडा हा तुमच्या एका तासाचा खरा खर्च. कामाला लागणाऱ्या तासांनी त्याला गुणा, साहित्य मिळवा आणि वर नफा चढवा.

नफ्याबद्दल एक हिशेब पाठच करून ठेवा. खर्च १०० असताना त्यावर २५ चढवून तुम्ही १२५ सांगितलेत. गिऱ्हाईक म्हणालं, ‘दहा टक्के कमी करा ना’. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण १२५ चे ११२.५० झाले की तुमचा नफा २५ वरून १२.५० वर आला, म्हणजे बरोबर निम्मा. घासाघीस झाली तर दर कमी करू नका, काम कमी करा. एखादी खोली वगळा, छताला एकच हात द्या, सामान हलवणं घरच्यांवर ठेवा. तयारी मात्र कधीही कमी करू नका, कारण ती कमी केलेली गिऱ्हाइकाला आज दिसत नाही आणि सहा महिन्यांनी फक्त तीच दिसते.

कोटेशन तोंडी देऊ नका. एक पान पुरतं. त्यात तयारी, रंगाई आणि साहित्य या तीन ओळी वेगळ्या दाखवा. नुसता चौरस फुटाचा दर दिलात की गिऱ्हाईक तो दुसऱ्याच्या दराशी ताडून बघतं, आणि दुसऱ्याने त्यात घासणं धरलंय की नाही हे त्याला कळायला मार्ग नसतो. तयारी वेगळी दिसली की निदान प्रश्न तरी विचारला जातो, ‘तो हे का करत नाही?’

प्रत्येक खोलीत कोणता रंग, किती हात, चकाकी कोणती आणि शेड क्रमांक काय, हे लिहा. सामान कोण हलवणार, झाकणार कोण, सफाई कोणाची, तेही लिहा. ‘गिलावा, प्लंबिंग आणि ओलीची दुरुस्ती यात नाही’ हे वाक्य असलंच पाहिजे. कोटेशन किती दिवस लागू राहील ते घाला. आणि जास्तीचं काम निघालं तर ते सुरू करण्याआधी त्याचे तास आणि पैसे लेखी कळवून होकार घेऊ, असंही लिहा. मेसेजवरचा होकार चालतो. ‘आलाच आहात तर गॅलरीची जाळीही करून टाका’ या वाक्याला या ओळीशिवाय उत्तर नाही.

पैशांचे टप्पे: सुरुवातीला साहित्याचा खर्च भागेल इतकी आगाऊ रक्कम, तयारी संपून प्रायमर झाल्यावर दुसरा हप्ता, आणि काम हवाली केल्यावर उरलेले. दुसरा हप्ता प्रायमरला बांधलेला बरा, कारण तोवर कष्टाचं निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं आणि डोळ्यांना मात्र काहीच झाल्यासारखं वाटत नसतं.

पायरी ५: हत्यारं

सगळं एकदम घेऊ नका. कटिंगसाठी (कडा-कोपरे ब्रशने रंगवायला) दोन ते अडीच इंची चांगला ब्रश, ९ इंची रोलर, त्याची लांब दांडी, लांबीच्या दोन-तीन पट्ट्या, स्क्रेपर, घासायचा ठोकळा, झाकायला जाड कापड, घोडा (आपल्या पायांवर उभी राहणारी शिडी). एवढ्यावर पहिली कामं होतात. पैसे वाचवायचे तर बादलीत वाचवा, ब्रशमध्ये नाही. पाण्याच्या रंगाला सिंथेटिक केसांचा ब्रश घ्या, नैसर्गिक केस पाणी पिऊन फुलतात आणि रेघ सरळ येत नाही. रोलरचे केस गुळगुळीत भिंतीला आखूड आणि खडबडीत भिंतीला लांब लागतात.

मास्कच्या बाबतीत गोंधळ असतो. घासताना उडणाऱ्या धुळीला एन९५ सारखा मास्क चालतो. टर्पेंटाइन आणि थिनरच्या वाफेला तो अडवत नाही, तिथे कार्बनचं काडतूस असलेला मास्क आणि उघड्या खिडक्या लागतात. भिंतीला टेकवायच्या शिडीचा उतार असा ठेवा की चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर राहील. आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या फडक्यांचे बोळे कधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगातल्या बोळ्यांत ती साठते आणि आपोआप आग लागते. बोळे बाहेर सुटे पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

पायरी ६: काम

पहिल्या दिवशी काहीही हलवण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. फरशीचा चरा, फुटकी स्विचपाटी, दाराचा उडालेला कोपरा, सगळं त्यात आलं पाहिजे.

खरवडणं, धूळ काढणं, भेगा जरा रुंद करून भरणं, लांबी, घासणं, पुन्हा धूळ काढणं, प्रायमर. लांबी खडबडीत असेल तर १२० नंबरचा घासायचा कागद, शेवटच्या घासाईला १८० ते २२०. प्रायमर वाळल्यावर टॉर्च पुन्हा आडवा धरा. राहून गेलेले खड्डे एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागावर आता नीट दिसतात. ते भरा, आणि भरलेल्या जागेवर प्रायमरचा हात परत द्या, नाहीतर तिथे रंग जास्त शोषला जाऊन ठिगळ उमटतं. पाण्याचे पिवळे डाग आणि धुराचे डाग पाण्याच्या रंगातून कितीही हात दिले तरी वर येतात. त्यांना डाग रोखणारा तेलाचा किंवा लाखेचा प्रायमर लागतो.

एकाच शेडचे डबे वेगवेगळ्या बॅचचे असतील तर त्यांत बारीक फरक असतो. म्हणून पुरेसा रंग एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. वरून खाली या: आधी छत, मग भिंती, शेवटी लाकूडकाम. एका भिंतीची कटिंग करा आणि ती ओली असतानाच रोलर लावा. सगळ्या खोलीची कटिंग करून मग रोलर घेतलात तर कडेने चौकट उमटते. भिंत मधेच सोडून चहा-पाण्याला जाऊ नका, कोपऱ्यापर्यंत नेऊनच थांबा.

पाण्याच्या रंगाला दुसऱ्या हाताआधी साधारण दोन ते चार तास आणि तेलाच्या रंगाला सोळा ते चोवीस तास द्या. थंडीत आणि दमट हवेत याहून जास्त. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही, पूर्ण घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर भिंत ओल्या फडक्याने पुसू नका, हे घरच्यांना सांगून ठेवा.

शेडबाबत दोन इशारे. भडक पिवळा आणि लाल यांची झाकण्याची ताकद कमी असते. तीन-चार हात लागू शकतात, तेव्हा ते कोटेशनमध्येच धरा किंवा खाली जुळत्या छटेचं अस्तर द्या. दुसरं, छापील कार्डावरून रंग पक्का करू नका. दीड-दोन फुटांच्या फळीवर दोन हात मारून ती फळी वेगवेगळ्या भिंतींवर, दिवसा आणि रात्री दिव्यात ठेवून बघायला द्या. निवड गिऱ्हाइकाची, आणि शेड क्रमांक त्यांच्याकडून लेखी. चकाकीचा रंग पुसायला सोपा, पण भिंतीतला प्रत्येक दोष उठून दाखवतो. वाकड्यातिकड्या जुन्या भिंतीला मी तरी मॅटच सुचवतो.

वॉलपेपर घ्यायचा असेल तर

थोडे दिवस थांबून घ्या, पण घ्या, त्यात मजुरी बरी सुटते. नेहमीचा युरोपीय मापाचा रोल १०.०५ मीटर लांब आणि ५३ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. नक्षी जुळवताना प्रत्येक पट्टीला काही भाग वाया जातो, म्हणून क्षेत्रफळावरून रोल काढू नका. एका रोलमधून किती पूर्ण पट्ट्या निघतात ते मोजा, त्यावरून काढा. सगळ्या रोलवरचा बॅच क्रमांक एकच आहे का ते कापण्याआधी बघा, कापलेला रोल दुकानदार परत घेत नाही. पहिली पट्टी कोपऱ्याला धरून लावू नका, कोपरे क्वचितच सरळ असतात. ओळंबा सोडून रेघ मारा आणि त्या रेघेला लावा.

पायरी ७: हवाली करणं

शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकाबरोबर दिवसाच्या उजेडात खोली-खोली फिरा आणि राहिलेल्या गोष्टींची एकच यादी करा. यादी लिहून झाली की दोघांनी ती मान्य करायची, तेवढं पूर्ण करायचं आणि शेवटचा हप्ता घ्यायचा. यादी न केल्यास रोज एक नवा ठिपका सापडतो आणि पैसे लांबत जातात. भिंतीच्या मधोमध डाग निघाला तर तेवढ्याच जागी ब्रश फिरवू नका, तो तुकडा वेगळा चमकतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हात द्या.

उरलेला रंग छोट्या डब्यात भरून त्यावर खोली, शेड क्रमांक आणि तारीख लिहून घरी ठेवायला द्या. ब्रश धुतलेलं पाणी गटारात ओतू नका. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरा, गाळ वाळवून तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे टाका. थिनर आणि टर्पेंटाइन बंद डब्यात जमा करून रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

काम आवडलं असेल तर त्याच दिवशी फोटोची परवानगी मागा, आणि ओळखीत कुणाचं काम निघालं तर नाव सांगा म्हणा. सहा महिन्यांनी एक फोन करा: कुठे काही सुटलंय का? सुटलं असेल तर जाऊन बघा, आणि का सुटलं ते पाहणीच्या त्याच पानावर लिहा.

दुसरा माणूस कधी घ्यायचा

हातातली कामं महिनाभर पुढपर्यंत लागलेली असतील आणि ती स्थिती काही महिने टिकली असेल, तेव्हा. एका मोठ्या कामासाठी घाईने कुणाला घेऊ नका. घेतलेल्या माणसाला आधी घासायला आणि झाकायला लावा. जो माणूस कुणी बघत नसताना दाराची वरची कड घासतो, त्याच्या हातात पुढे ब्रश द्यायला हरकत नाही. त्याची मजुरी ठरल्या दिवशी द्या, गिऱ्हाइकाकडून तुमचे पैसे आलेले असोत वा नसोत. त्यासाठी दोन महिन्यांची मजुरी धंद्याच्या खात्यात बाजूला पडलेली हवी. ती नसेल तर अजून काही महिने एकट्यानेच काम करा.